कॅसेटवर चालणारा कॉम्प्युटर

दोस्तांनो, तुम्ही कधी कॉम्प्युटरचा प्रोग्राम कानांनी ऐकलाय? हसू नका! प्रोग्राम चालवायचा असतो, बघायचा असतो, हे मलाही ठाऊक आहे. पण एके काळी तो चक्क ऐकूही यायचा. आधी थोडा वेळ एकसारखी शिट्टी, पीऽऽऽ अशी. मग फोडणीत मोहरी तडतडावी आणि तेवढ्यात कुणीतरी पत्रा खरवडावा, तसा किर्र-खर्र-चर्र गोंगाट. त्याच वेळी टीव्हीच्या पडद्याच्या चारही कडांनी निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावायच्या. हे सगळं जवळजवळ पाच मिनिटं चालायचं, आणि तोवर घरात कुणी टेपरेकॉर्डरला धक्काही लावायचा नाही!

ज्यांनी आता पन्नाशी गाठली आहे अशांपैकी काही जणांना हा आवाज ऐकवून पाहा. आपल्याला कान झाकून घ्यावेसे वाटतील, आणि ते मात्र डोळे मिटून ऐकतील. आमच्या सोसायटीत असेच एक काका आहेत. त्यांच्याकडे आपण जाणारच आहोत. पण त्याआधी जरा इंग्लंडला जाऊन येऊ, कारण ही गोष्ट सुरू होते तिथे.

साधारण १९८० पर्यंत कॉम्प्युटर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर यायची ती एखाद्या मोठ्या कंपनीतली थंडगार खोली. घरी आणायची ती वस्तूच नव्हती. अमेरिकेत १९७७ पासून घरी वापरता येतील असे कॉम्प्युटर मिळू लागले होते, पण ते महाग. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर नावाचे एक उद्योजक होते. त्यांना एकच ध्यास – वस्तू लहान करायची आणि स्वस्त करायची. १९८० साली त्यांनी शंभर पौंडांच्या आत मिळणारा झेडएक्स ८० बाजारात आणला. पुढच्या वर्षी झेडएक्स ८१ आला, तो तर सत्तर पौंडांना! त्याची स्मरणशक्ती किती होती म्हणता? एक केबी. तुमच्या वहीचं अर्धं पानसुद्धा त्यात जेमतेम मावेल.

आणि मग २३ एप्रिल १९८२ ला आला झेडएक्स स्पेक्ट्रम. काळा, चपटा, साध्या वहीपेक्षाही लहान. बटणं रबराची, दाबली की खोडरबर दाबल्यासारखं वाटायचं. ४८ केबी स्मरणशक्तीच्या स्पेक्ट्रमची किंमत होती १७५ पौंड. आता गंमत बघा. मोबाइलवर काढलेला एक फोटो सहज तीन एमबीचा असतो. त्या एका फोटोला जेवढी जागा लागते, तेवढ्यात ६४ स्पेक्ट्रमची स्मरणशक्ती बसेल!

एवढा स्वस्त तो झाला कसा? एक तर त्याला स्वतःचा पडदा नव्हता, घरचाच टीव्ही जोडायचा. डिस्क नव्हती, घरचाच टेपरेकॉर्डर वापरायचा. आणि आतली एक युक्ती तर मला फारच आवडते. मेमरीच्या ज्या चिपांचा अर्धा भाग बिघडलेला निघायचा, त्या सिंक्लेअरच्या कंपनीने स्वस्तात घेतल्या आणि त्यांचा चांगला अर्धा भागच तेवढा वापरला. आंब्याची किडकी बाजू कापून उरलेल्याचा आमरस करतात ना आपल्याकडे, तसंच की!

कंजुषीचे तोटेही होते, ते लपवून कशाला ठेवायचे? टीव्हीच्या पडद्याचे आठ बाय आठ ठिपक्यांचे छोटे चौकोन पाडलेले असत आणि प्रत्येक चौकोनात फक्त दोनच रंग चालत. त्यामुळे खेळातला पांढरा माणूस हिरव्या झाडाजवळून गेला की झाडाचा तुकडा पांढरा व्हायचा किंवा माणूस तरी हिरवा व्हायचा! त्याच सुमारास अमेरिकेत कमोडोर ६४ निघाला, तो चित्रांत आणि संगीतात कितीतरी सरस. इंग्लंडच्या शाळांमधून दिसायचा तो बीबीसी मायक्रो जास्त दणकट. तरी स्पेक्ट्रमचे पन्नास लाखांहून जास्त नग खपले. कारण साधं होतं. तो मुलांना घरी मिळू शकत होता.

आता मुद्दा असा की, बटण दाबल्यावर हा कॉम्प्युटर काय दाखवायचा? काहीच नाही! पांढरा पडदा आणि तळाशी कंपनीच्या नावाची एक ओळ. खेळ नाही, चित्रं नाहीत. तुम्ही काहीतरी सांगाल म्हणून तो नुसता वाट बघत बसायचा. आणि त्याला सांगायचं त्याच्या भाषेत. त्या भाषेचं नाव बेसिक. उदाहरणार्थ,

१० प्रिंट "शाबास"
२० गो टू १०

दहा नंबरच्या ओळीत सांगितलं, 'शाबास' असं लिही. वीस नंबरच्या ओळीत सांगितलं, परत दहावर जा. झालं! तो शाबास, शाबास, शाबास असं लिहीतच सुटायचा. पडदा गच्च भरला की थांबून विचारायचा – 'स्क्रोल?' म्हणजे, पुढे चालू का? परवानगी दिली की पुन्हा शाबास, शाबास. (आमच्या वर्गातही असे काही महाभाग आहेत, पण ते असो.)

त्या काळी इंग्लंडमधल्या मासिकांत खेळांचे अख्खेच्या अख्खे प्रोग्राम छापून यायचे. मुलं ते पानंच्या पानं बघून टाइप करत. एक स्वल्पविराम चुकला तरी खेळ चालायचा नाही. मग शोधा चूक! शोधता शोधता कुठली ओळ काय करते ते कळायचं, आणि मग स्वतःचं काहीतरी घालून बघावंसं वाटायचं. मॅथ्यू स्मिथ नावाच्या मुलाने १९८३ साली 'मॅनिक मायनर' हा खाणकामगाराचा खेळ लिहिला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. आजही लोक तो खेळ खेळतात. तिकडे युगोस्लाव्हियात तर आणखी मजा. प्रोग्राम म्हणजे शेवटी आवाजच ना? मग बेलग्रेडच्या रेडिओवर झोरान मोडली हे निवेदक 'व्हेंटिलेटर २०२' या कार्यक्रमात तो आवाज प्रसारित करायचे. मुलं घरी कॅसेटवर तो टेप करून घ्यायची आणि कॉम्प्युटरला ऐकवायची. रेडिओवरून प्रोग्राम डाउनलोड!

हा आवाज नेमका असतो काय? कॉम्प्युटरची सगळी माहिती शून्य आणि एक या दोनच खुणांत असते, हे तुम्ही ऐकलं असेल. स्पेक्ट्रम शून्यासाठी कॅसेटवर एक आखूड ठोका नोंदवायचा आणि एकसाठी त्याच्या बरोब्बर दुप्पट लांबीचा. ऱ्हस्व आणि दीर्घ म्हणा हवं तर! एका सेकंदात हजाराहून जास्त ठोके. आपल्या कानांना तो गोंगाट, त्याला मात्र शुद्धलेखन.

आता आपण पुण्यात येऊ. भारतात १९८४-८५ मध्ये २५० शाळांमध्ये कॉम्प्युटर शिक्षणाचा एक सरकारी प्रयोग सुरू झाला, त्यासाठी बीबीसी मायक्रो निवडले होते. आणि स्पेक्ट्रम? तो १९८६ साली आपल्या पुण्यातूनच आला! डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या पुण्याच्या कंपनीने सिंक्लेअरचा परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' नावाने तो विकायला काढला. याची बटणं रबराची नव्हती, कडक प्लॅस्टिकची होती. त्या वेळी आपल्याकडे घरी कॉम्प्युटर असणं म्हणजे अंगणात हत्ती असण्यासारखंच होतं. फार थोड्या घरांत तो आला, पण आला.

आमच्या काकांच्या घरी तो १९८७ च्या दिवाळीत आला, वडिलांच्या बोनसमधून. काका तेव्हा सातवीत होते. आज ते एका बँकेत अधिकारी आहेत आणि त्यांच्या घरातल्या एका खोलीत कुणालाही पंखा जोरात लावता येत नाही, कारण टेबलभर बारीक स्क्रू पसरलेले असतात. काकूंचं म्हणणं असं, की या घरात पाहुण्यांना झोपायला जागा नाही, पण कॉम्प्युटरना आहे.

काकांचा रविवार कसा जातो ते मी पाहिलंय. सकाळी जुन्या बाजारात चक्कर. तिथे बंद पडलेले टेपरेकॉर्डर मिळतात. कुणाचं हेड चांगलं, कुणाचा पट्टा चांगला, असे तीन जोडून एक धडका करायचा. सुटे भाग हवे असतील तर आठवड्यात केव्हातरी तपकीर गल्ली. दुपारी सोल्डरिंग. जुन्या कॉम्प्युटरमध्ये आधी काय बिघडतं, माहीत आहे? कपॅसिटर. वीज साठवणारे छोटे रांजणच ते. त्यांच्यातला ओलावा वर्षानुवर्षांत सुकतो किंवा बाहेर झिरपून बोर्ड खातो. दुसरी कीबोर्डखालची प्लॅस्टिकची पातळ पट्टी. ती इतकी ठिसूळ होते, की झाकण उघडताना जरा ओढली की पापडासारखी तुटते. बरं, या पट्ट्या आता पुन्हा तयार होतात, पण यूएलए नावाची मुख्य चिप खास स्पेक्ट्रमसाठीच बनवलेली होती. ती जळली की संपलं, असं कितीतरी वर्षं होतं. मग ख्रिस स्मिथ या अभ्यासकाने त्या चिपच्या पोटातली सगळी जोडणी उलगडून २०१० साली त्यावर पुस्तकच लिहिलं. आता हौशी मंडळी दुकानात मिळणाऱ्या साध्या चिपा जोडून अख्खा नवा स्पेक्ट्रम उभा करू शकतात.

काकांकडे एक बीबीसी मायक्रोही आहे. तो त्यांना भंगारवाल्याकडे मिळाला, चक्क वजनावर! खालच्या बाजूला एका शाळेचा नोंद क्रमांक अजून रंगवलेला आहे. पहिल्यांदा सुरू केला तेव्हा दहा मिनिटांत त्यातून धूर निघाला आणि काका खूश झाले. का? तर त्या मशीनच्या वीज देणाऱ्या डब्यातला एक ठरावीक कपॅसिटर म्हातारपणी असाच धूर सोडतो, तो बदलला की मशीन ठणठणीत! (मुलांनो, हे काम फक्त काकांचं. त्या डब्यात घरातली थेट वीज असते. तुम्ही त्याला हात लावायचा नाही, मोठ्यांनीही माहिती असल्याशिवाय लावायचा नाही.)

पण मशीन दुरुस्त होतं हो. कॅसेटचं काय? टेपवर जे आहे ते दुसरीकडे कुठेच नसतं. इंग्लंडमधले विकत मिळणारे हजारो खेळ हौशी लोकांनी टेपवरून उतरवून जपून ठेवले आहेत. घरी मुलांनी स्वतः केलेले प्रोग्राम मात्र त्या त्या घरच्या एकाच कॅसेटवर, माळ्यावरच्या खोक्यात. आणि आपला पावसाळा! टेपवर पांढरी बुरशी चढते, पदर एकमेकांना चिकटतात.

काकांना अशीच एक कॅसेट वाचवायची होती. १९८८ च्या मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी आणि त्यांच्या ताईने मिळून नद्या ओळखण्याचा खेळ केला होता, तोही मराठी अक्षरांत. आता स्पेक्ट्रमला कुठलं मराठी? पण त्यात स्वतःची चिन्हं बनवायची सोय होती, एका वेळी फक्त २१. एकेक चिन्ह आठ बाय आठ ठिपक्यांचं. ताईची ठिपक्यांची रांगोळी गल्लीत नावाजलेली, त्यामुळे अक्षरं काढायचं काम तिच्याकडे आलं. चौकटीच्या वहीत तिने चौकटी काळ्या करून ग, द, व, र अशी अक्षरं बसवली. काना, दीर्घ वेलांटी, ओकाराची मात्रा यांची वेगळी चिन्हं. २१ मध्ये अख्खी बाराखडी बसणार कशी? मग ज्या नद्या बसतील त्या घ्यायच्या. गोदावरी, भीमा, नीरा, तापी, पवना, वारणा. कृष्णेला जोडाक्षर, म्हणून कृष्णा बाद. आणि अक्षराखाली उकार द्यायला चौकटीत जागाच उरेना. त्यामुळे पुण्यात बसून केलेल्या नद्यांच्या खेळात मुळा-मुठा नाहीत!

गेल्या वर्षी ती कॅसेट सापडली. पेन्सिल घालून काकांनी ती हळूहळू गुंडाळली, बुरशी पुसली, टेपरेकॉर्डर लावला. पहिल्या वेळी 'टेप लोडिंग एरर'. दुसऱ्या वेळी तेच. अशी टेप जितक्या वेळा वाजवाल तितकी झिजते, म्हणून काकांनी तिचा आवाज एकदाच नीट आजच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं ठरवलं. त्यासाठी टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू केसाएवढा फिरवायचा. हेड तिरकं असेल तर आवाज बोदा येतो, सरळ झालं की खणखणीत. त्या दिवशी मी तिथेच होते. काका स्क्रू फिरवत होते आणि आम्ही सगळे श्वास रोखून तो कर्कश आवाज ऐकत होतो. आवाज धारदार झाला, रेकॉर्डिंग झालं, आणि तेच रेकॉर्डिंग मोबाइलवरून स्पेक्ट्रमला ऐकवलं. निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावल्या. पडदा कोरा झाला. आणि वर अक्षरं उमटली, 'ही नदी कोणती'.

काकांनी लगेच ताईला नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. आता ताई स्वतः आजी आहेत. त्या एकेक नदी बघत होत्या, काही बोलत नव्हत्या. दुसऱ्या नदीला मात्र म्हणाल्या, "अरे, ही 'मीमा' कुठली नदी?" आम्ही पाहिलं तर खरंच! भ च्या डोक्यावर शिरोरेघ तुटलेली असते ना? इथे ती सलग होती. ताई म्हणाल्या, "मी वहीत बरोबर काढला होता. तू आकडे टाइप करताना गडबड केलीस." आणि तसंच झालं होतं. जवळजवळ प्रत्येक अक्षराचा पहिला आकडा २५५, म्हणून काकांनी सवयीने तिथेही २५५ दाबला होता. चूक सापडायला छत्तीस-सदतीस वर्षं लागली! ताईंचा आग्रह, आत्ताच्या आत्ता सुधार. काका तयार होईनात. शेवटी दोन प्रती झाल्या. एकीत भीमा आहे. दुसरी जशी होती तशीच ठेवली आहे, मीमेसकट. मला विचाराल तर काकांचंच बरोबर.

पालकांना वाटेल, हे सगळं ठीक, पण एवढा खटाटोप कशाला? जुन्या आठवणींत रमणाऱ्यांना जुनं सगळंच गोड लागतं, हे खरं आहे. त्या मशीनवर लिहिलेलं तासाभराचं काम लाइट गेले की पुसलं जायचं, हे ते सांगत नाहीत! पण एक गोष्ट मला एक शिक्षिका म्हणून महत्त्वाची वाटते. केंब्रिज विद्यापीठात एबेन अप्टन यांच्या लक्षात आलं, की कॉम्प्युटर शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या घटते आहे, आणि येणाऱ्यांनी आधी स्वतः फारसं काही करून पाहिलेलं नसतं. पूर्वीची मुलं स्पेक्ट्रम आणि बीबीसी मायक्रोवर खटपट करून आलेली असत. नंतरच्या घरांत आले ते तयार खेळांचे डबे. म्हणून अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा, ३५ डॉलरचा कॉम्प्युटर आणला. त्यांचा स्वतःचा लहानपणचा कॉम्प्युटर बीबीसी मायक्रो होता. तिकडे फिनलंडमध्ये लिनस टोर्व्हाल्ड्स हा मुलगा अकराव्या वर्षी आजोबांच्या कमोडोर व्हिक २० वर बेसिक शिकला. १९९१ मध्ये त्याने लिनक्स लिहायला घेतलं. तुमच्या घरात अँड्रॉइड मोबाइल असेल तर त्याच्या गाभ्यात तेच आहे.

आता तुमच्यासाठी एक काम. घरी माळ्यावर जुन्या कॅसेट असतील तर त्या वाजवून बघायची घाई करू नका. आधी मोठ्यांना दाखवा, कोरड्या जागी ठेवा, स्पीकरच्या जवळ तर मुळीच नको, कारण त्यात लोहचुंबक असतो.

आणि चौकटीची वही घ्या. आठ चौकटी आडव्या, आठ उभ्या. वरच्या बाजूला डावीकडून लिहा – १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. अक्षर काढताना ज्या चौकटी काळ्या होतील त्यांच्या वरचे आकडे मिळवायचे, की त्या ओळीचा आकडा मिळाला. सगळी ओळ काळी असेल तर २५५, ती झाली शिरोरेघ. प असा होतो – २५५, ६६, ६६, ६६, ६२, २, २, ०. काढून बघा, जमतोय का.

जमला? मग हे अक्षर कोणतं ते ओळखा. काकांच्या खेळात एका नदीचं नाव यानेच सुरू होतं –

२५५, ३४, ३४, ३४, ९८, ९८, २, ०.